मकपालनं सांगितलेल्या सात पिढ्या

माझा नवरा बैसेन गाडीत पेट्रोलचे डबे चढवत होता आणि मी अंगणात समोवार पेटवत होते. दोघांनाही आगच लावायची होती, फरक एवढाच की माझी चहासाठी होती. पलीकडच्या ओढ्याकाठी राहणाऱ्या येफिम म्हाताऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्या आज जाळायच्या, हे गावानं मनात ठरवूनच टाकलं होतं. आता फक्त वडीलधारे आमच्या घरी जमायचे, माझ्या सासऱ्यांनी हात पसरून दुवा म्हणायची, की संपलं. आमच्यात दुवा झाली की शब्द फिरत नाही. मग कुणी कितीही डोकं आपटो.

तेवढ्यात फाटकातून मकपाल आली. मकपाल माझी धाकटी जाऊ. आठवडाभर अल्माटीत नोकरी करते आणि सुट्टीला गावी येते. एरवी ती फाटकातूनच ओरडते, "आपा, काय शिजवलंयस, भुकेनं मेले!" त्या दिवशी पिशवी खांद्यावरून उतरवलीसुद्धा नाही. सरळ येऊन माझ्याशेजारी उकिडवी बसली. चेहरा पांढराफटक.

"आपा, झाडांचा रोग माश्यांनी आणलेला नाही."

"मग कुणी आणला? मी?"

"चाकूनं."

आमच्या गावात चाकू म्हटल्यावर कुणाचा असं विचारावं लागत नाही. माझ्या हातातला चिमटा गळून पडला. मी इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला.

"गप बस. एक शब्द बोलू नकोस. या घरात राहायचंय ना तुला?"

मी एवढी का भडकले ते कळायला ही बाई कोण ते सांगायला हवं. मकपाल आली दूरच्या कोरड्या माळावरून. तिकडे सफरचंद झाडाला लागतं हे पोरांना चित्रात दाखवावं लागतं. लग्न होऊन आली तेव्हा तिचं जीवशास्त्राचं शिक्षण अर्धवट राहिलेलं. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, सुनेनं गोठा बघायचा, पुस्तकं गुंडाळून ठेवायची. तर आमच्या सासऱ्यांनी एक दिवस स्वतः तिची पिशवी उचलली, बसपाशी नेऊन तिला आत बसवलं आणि घरी येऊन म्हणाले, "शेण काढायला थोरली आहे की."

थोरली म्हणजे मी. जळ्ळं मेलं नशीब! कितीतरी हिवाळे मी दोघींच्या वाटणीचं शेण काढलं आणि दर पाटीला तिला शिव्या घातल्या. पण पोरगी गुणाची. सुट्टीला आली की न सांगता माझ्या हातातली पाटी काढून घ्यायची आणि गोठ्यात तिच्या त्या संस्थेतल्या गमती सांगत बसायची. पिकांवर रोग पाडणारे जिवाणू ती काचेच्या बश्यांमध्ये वाढवते. मग ते फोडून त्यांच्या पोटातली जिनोम नावाची लांबच लांब अक्षरांची ओळ काढते आणि चहाच्या डब्याएवढ्या एका यंत्रातून वाचते. मी एकदा विचारलं, "वाचून काय कळतं?" तर म्हणाली, "आपा, कोण कुणाचा ते कळतं." मला हसू आलं. म्हटलं, मग आमच्या गावात आण ते यंत्र, चार घरं मोडतील.

सासऱ्यांना तिचा केवढा अभिमान! आल्यागेल्याला सांगायचे, "डोळ्यांना दिसत नाही ते माझी सून वाचते." तिला हाकसुद्धा 'वाचणारी' अशीच मारायचे. त्यांचं नाव मी अजून सांगितलेलं नाही, कारण आम्ही सुना सासऱ्याचं नाव घेत नाही. मेलो तरी घेत नाही. आम्ही दोघी त्यांना थोरले बाबा म्हणतो.

थोरल्या बाबांचा हात म्हणजे गावाचा हात. कुणाकडे मूल जन्मलं, नवी सून आली, की त्यांना बोलावणं जायचं. आमच्या अंगणातल्या जुन्या अपोर्ट जातीच्या सफरचंदाच्या फांदीवरून ते कलमासाठी डोळा काढायचे, तो ओठांत धरायचे, त्या घरच्या झाडाची साल चिरून आत बसवायचे आणि बांधायचे. मग चाकू बुटाच्या चामड्यावर एकदा इकडून, एकदा तिकडून पुसायचे आणि बुटातच खोचायचे. पाणी कधी लावायचे नाहीत. पाणी लागलं की चाकूची बरकत जाते, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं. गावात असं घर नाही, जिथे त्यांच्या हातचं झाड नाही.

आणि या वसंतात तीच झाडं जळाली. फुलं उमलली आणि करपली. कोवळे शेंडे काळे पडून म्हाताऱ्याच्या काठीसारखे वाकले. सालीतून पिवळे चिकट थेंब गळायला लागले. झुमादिल नावाचे एक वडीलधारे आहेत, जीभ नुसती कात्री. त्यांनी तो थेंब बोटावर घेतला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "बघा, मध! येफिमच्या माश्या सही करून गेल्यात." झालं! रोगाचा थेंब मधाच्या रंगाचा, म्हणून गुन्हेगार मधवाला. त्यात येफिम एकटा, ना पोर ना बाळ, आणि आपल्यातला नाही. गावाला दुसरा पुरावा कशाला हवा? याच माणसाच्या मधावर गावातल्या सगळ्या पोरांचे खोकले बरे झालेत, ते कुणाला आठवलं नाही.

तर समोवारापाशी मी मकपालला म्हटलं, "हे बघ, तुझ्या संस्थेचा कागद येऊ दे सावकाश. त्यात कुणाचं नाव नसेल. रोग आला, झाडं तोडा, एवढंच असेल. तू कशाला मध्ये पडतेस?"

"कागद येईपर्यंत पेट्यांची राख झालेली असेल."

"होऊ दे! माश्याच ना?"

"आणि उन्हाळा सरता सरता बाबा पुन्हा चाकू काढतील, आपा. उरलेल्या झाडांना डोळे भरतील. मग?"

मला रागच आला. म्हटलं, "ज्यांनी तुला बसमध्ये बसवलं त्यांचंच तोंड काळं करायचं शिकून आलीस होय?" ती रडली नाही. नुसती म्हणाली, "मी आधी त्यांना एकट्याला सांगते."

आणि तसं केलंन् तिनं. वडीलधारे जमायला लागले होते. थोरले बाबा हात धुवायला ओट्यावर आले. त्यांच्या हातावर पाणी घालायचं काम सुनेचं. मकपालनं तांब्या उचलला, धार धरली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मला बोलायचंय. झाडांबद्दल."

"नंतर गं वाचणारी, पाहुणे आलेत."

"नंतर उपयोग नाही, बाबा."

त्यांनी हात झटकले, टॉवेल घेतला, तिच्या डोक्यावरून ओला हात फिरवला आणि आत निघून गेले. तिच्या हातातला तांब्या कलला आणि उरलेलं पाणी तिच्याच पायांवर सांडलं.

आत जमिनीवर दस्तरखान, जेवणाचं कापड, अंथरलं होतं. बाउर्साक, म्हणजे पिठाचे गोळे, तळून मीच रास घातली होती. वर मानाच्या जागी थोरले बाबा, त्यांच्या दोन्ही अंगांना वडीलधारे, खाली बैसेन आणि त्याच्यासारखी तापलेली डोकी. दारापाशी समोवार, समोवारापाशी आम्ही दोघी. चौकटीत टोपी हातात घेऊन येफिम. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

मकपाल चहा ओतत होती आणि तिचं सगळं लक्ष येफिमकडे होतं. झुमादिलबाबांचं वाडगं काठोकाठ भरलं. आमच्याकडे मान द्यायचा तर चहा थोडाच ओततात. भरलेलं वाडगं म्हणजे पी आणि चालता हो.

"काय गं," झुमादिलबाबा म्हणाले, "एवढ्यात घालवतेस? मांस तरी खाऊ दे."

सगळे हसले. मी वाडगं हिसकावून घेतलं आणि अर्धं ओतून दिलं. तिच्या कानात म्हटलं, "सांभाळ."

मग बोलणं सुरू झालं. बोलणं कसलं! जो तो आपलं जळकं झाड सांगत होता आणि सांगता सांगता येफिमकडे बघत होता. शेवटी थोरल्या बाबांनी विचारलं, "येफिम, तुला काय म्हणायचंय?"

येफिम टोपी चुरगाळत म्हणाला, "मी काय म्हणणार? तुम्ही इतके जण. जाळायच्या तर जाळा. फक्त भरदुपारी जाळा. संध्याकाळी सगळ्या घरी परतलेल्या असतात."

"म्हणून तर संध्याकाळी जाळायच्या," माझा नवरा म्हणाला.

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाची लाज वाटली. त्याच्याबरोबर संसार केलाय मी. येफिमनं मान खाली घातली. मकपालकडे बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. मी मगाशी तिच्या तोंडावर हात दाबला होता. आता तो हात मी मांडीखाली घेऊन बसले.

थोरल्या बाबांनी दोन्ही तळवे वर उचलले. खोलीतले सगळे तळवे उचलले गेले. त्यांनी श्वास घेतला.

"बाबा, थांबा."

मकपाल उभी होती. सून, वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, दुवा अडवते! बैसेन तांबडालाल झाला. झुमादिलबाबा म्हणाले, "वा! आता या घरात सुना दुवा म्हणणार काय?"

थोरल्या बाबांचे हात तसेच हवेत होते. "डोळ्यांना दिसत नाही ते ही वाचते," ते म्हणाले. "मीच गावभर सांगत फिरलोय. आता ऐकायला नको का? बोल."

मकपालनं ओठ ओले केले. "वडीलधाऱ्यांनो, आपल्यात पोराला सात पिढ्यांची नावं पाठ लागतात. नाही आली तर पोर अनाथ म्हणतात."

"हे आम्हाला शिकवतेस?" झुमादिलबाबा म्हणाले.

"नाही, बाबा. एवढंच सांगते की हा रोग पाडणारा जिवाणूपण आपल्या पिढ्या अंगावर घेऊन फिरतो. त्याच्या पोटात लाखो अक्षरांची ओळ असते. बापाची ओळ पोराला मिळते. पण उतरवताना मधूनच एखादं अक्षर बदलतं आणि ते बदललेलं अक्षर पुढच्या सगळ्या वंशात राहतं. मी गावातल्या झाडांवरून जिवाणू नेले, त्यांच्या ओळी वाचल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. कोण कुणाचा ते लागलं."

म्हातारे पुढे सरकले. वंशावळ म्हटली की आमच्या म्हाताऱ्यांची भूक मरते. झुमादिलबाबांनी वाडगं खाली ठेवलं. "मग सांग की तुझ्या जिवाणूच्या सात पिढ्या. बघू पाठ आहेत का!"

"सांगते. सगळ्यांत धाकटा सापडला मेर्कीला, गौहरच्या अंगणातल्या झाडावर. तिनं फांद्या पाठवल्या होत्या."

गौहर आमची नणंद, मेर्कीला दिलेली, इथून आगगाडीनं जावं लागतं इतकी लांब.

"त्याचा बाप शाळेमागच्या झाडावर. त्याचा बाप झुमादिलबाबांच्या दारात. त्याचा बाप दुकानामागे. त्याचा बाप मशिदीच्या अंगणात." तिचा आवाज बारीक होत गेला. "त्याचा बाप आपल्या इथल्या जुन्या अपोर्टवर. आणि या सगळ्यांचा मूळ पुरुष डोंगराखालच्या त्या नव्या बागेत, बाहेरून आणलेल्या रोपांवर."

"मेर्की?" झुमादिलबाबा खो खो हसले. "येफिमच्या माश्या काय आगगाडीचं तिकीट काढून गेल्या?"

दोघेतिघे हसले. आणि ते हसू अर्ध्यातच विझलं. कारण गेल्या उन्हाळ्यात नव्या बागेच्या मालकानं काळे शेंडे छाटायला कुणाला आदरानं बोलावून नेलं होतं, हे प्रत्येकाला माहीत होतं. तिथून येऊन त्याच चाकूनं आमच्या अपोर्टचे डोळे काढून मशिदीत, मग दुकानामागे, मग झुमादिलबाबांच्या नातवासाठी, मग शाळेत डोळे कुणी भरले, तेही. आणि आगगाडीनं मेर्कीला लेकीकडे कोण गेलं होतं, ओल्या लोकरीत फांद्या गुंडाळून, तेही.

"येफिमच्या पेट्यासुद्धा मी पुसून तपासल्या," मकपाल म्हणाली. "तिथे तो मिळाला नाही. फुलांवरून माश्यांनी थोडाफार पसरवला नसेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण गावात त्यांनी आणला नाही. झाडाझाडाला तो सालीखाली ठेवला गेलाय."

बैसेन ताडकन उठला. "कुणी ठेवला? घे नाव! एवढी शहाणी आहेस तर घे ना नाव!"

तो पक्का ओळखून होता की सून ते नाव घेणार नाही. तिथेच तिचं तोंड बंद करायचं होतं त्याला. मी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांदेखत नवऱ्यावर ओरडले, "खाली बस!" आणि काय आश्चर्य, तो बसला.

थोरल्या बाबांचे हात हळूहळू खाली आले. त्यांनी वाकून बुटातून चाकू काढला आणि दस्तरखानावर, बाउर्साकच्या राशीशेजारी ठेवला. त्या पात्यात त्यांच्या वडिलांच्या काळापासूनची झीज होती.

"हाच ना?"

मकपालनं मान हलवली. आता ती रडत होती, आवाज न करता, नाक ओढत.

"मान काय हलवतेस? तुला नाव विचारलंय. घे."

"बाबा, नाही हो... मला नका सांगू."

"वाचणारी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुला शिकायला बसमध्ये बसवलं त्या माणसाचं नाव काय?"

तिनं डोळे मिटले.

"सादवाकास," ती म्हणाली.

या घरात सुनेच्या तोंडून ते नाव कधी निघालं नव्हतं. मी डोक्याच्या रुमालाआड तोंड लपवलं. झुमादिलबाबांची कात्री त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडली. थोरले बाबा नुसते चाकूकडे बघत बसले. त्यांचे खांदे बसल्या बसल्या उतरल्यासारखे झाले आणि मला वाटलं, हा माणूस आता इथेच संपणार. मकपालनं त्यांना मारलं, असंच वाटलं मला, आणि येफिमच्या पेट्या वाचल्या याचा आनंदही झाला नाही.

मग ते म्हणाले, "येफिम, दारात का उभा आहेस? इकडे ये." आणि सरकून त्यांनी मानाच्या जागेवर, आपल्या उजव्या अंगाला जागा केली. येफिम बिचारा बुटांच्या टोकांवर चालत आला आणि बसला. मग थोरल्या बाबांनी पुन्हा तळवे उचलले. "माझ्या हातचं एकूण एक आजारी झाड मी माझ्या हातानं तोडीन. देवानं तेवढी ताकद द्यावी." सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. शब्द फिरायची वाट बंद झाली.

दुसऱ्या दिवशी ते करवत घेऊन निघाले. मागून मकपाल जंतुनाशकाची बादली घेऊन, तिच्यामागून मी, कारण तिला ती बादली झेपत नव्हती. दर फाटकाशी ते थांबायचे आणि हाक द्यायचे, "मी सादवाकास. माझं झाड न्यायला आलोय." लोक बाहेर यायचे आणि काही बोलायचे नाहीत. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शाळेमागच्या झाडापाशी पोरं रडायला लागली, तेव्हा त्यांनी पोरांकडे पाठ करून करवत चालवली. दर कापणीनंतर करवत बादलीत जायची. फांद्यांचे ढीग रचून माझ्या नवऱ्यानं आगी लावल्या, त्याच डब्यांतल्या पेट्रोलनं, आणि ढीग ओढायला येफिम होता. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण दुपारी बैसेननं आपल्या भाकरीतली अर्धी मोडून त्याच्यापुढे धरली, ते मी बघितलं.

सगळ्यांत शेवटी आमचं अंगण राहिलं. जुना अपोर्ट एका अंगानं काळा पडला होता आणि दुसऱ्या अंगाला अजून हिरवा होता. थोरल्या बाबांनी त्या हिरव्या अंगावर हात ठेवला.

"एवढं ठेवता येईल का गं?"

"नाही, बाबा."

त्यांनी करवत खाली ठेवली. मला वाटलं, आता नाही होणार त्यांच्याकडून. पण ते वाकले, बुटातून चाकू काढला आणि बादलीत सोडला. वडिलांच्या हातून मिळाल्यापासून त्या पात्याला पाणी लागलं नव्हतं. ते बादलीपाशी जमिनीवर बसले आणि एखाद्या शाळकरी पोरासारखं तोंड वर करून त्यांनी मकपालला विचारलं, "किती वेळ ठेवायचा?"

"मी सांगते झालं की."

ते थांबले. आम्ही दोघी सुना त्यांच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो. मकपाल म्हणाली, "झालं, बाबा." त्यांनी चाकू काढला, बुटावर पुसायला नेला, हात मध्येच थांबवला आणि तो तसाच ओला तिच्या हातात दिला. मग उठून करवत उचलली.